जुन्या सायकलचा मोडलेला एक्सल



आपल्या खेड्यापाड्यांत पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली एखादी जुनी काळी सायकल अजून पुष्कळ घरी दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आणि आता नातवाला तिची लाज वाटते अशी. हँडलखाली सळ्यांचे ब्रेक, चामड्याचे सीट, चेनवर पत्र्याचे कव्हर. काही रॅले आहेत, काही हंबर, काही फिलिप्स. पूर्वी ह्या सायकली इंग्लंडहून येत. पुढे १९४९ साली मद्रासजवळ हर्क्युलिसचा कारखाना निघाला, १९५१ साली सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियानाला हीरो. सांगाडा मात्र त्याच इंग्रजी सायकलचा राहिला. म्हणून ह्या लेखात सांगितलेले बहुतेक सारे आपल्याकडील साध्या, गिअर नसलेल्या काळ्या सायकलीला लागू पडेल.

विषय लहान आहे : मागच्या चाकाचा एक्सल. बैलगाडीला जसा आस, तसा सायकलच्या चाकाला एक्सल. बोटाएवढी जाड पोलादी सळई, लांबी जेमतेम वीतभर. पण तिच्यामुळे माणसाचा हात कसा मोडतो, ते मागील श्रावणात आम्ही पाहिले.

उतारावरची सकाळ

खानापूरकडच्या एका गावातील दूधवाले काका साठीच्या घरात आहेत. आजकाल बहुतेकांचे दूध मोटारसायकलवरून जाते. काका मात्र वडिलांची रॅलेच वापरतात. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे दोन कॅन. काही दिवसांपासून मागचे चाक हलत होते. चेन कधी ताठ व्हायची, कधी लोंबायची. दर दोन दिवसांनी काका चाकाचे नट आवळायचे आणि निघायचे. मी एकदा हटकले, तेव्हा म्हणाले, "हलू दे की ओ फादर. माझे दात पण हलतात, म्हणून मी जेवायचं सोडलंय होय?"

त्या सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. उतारावर ब्रेक दाबला तेव्हा मागचे चाक एका अंगाला कलले, टायर फ्रेमला घासून जागीच अडकला आणि काका दोन्ही कॅनसह लाल चिखलात आले. चाळीस लिटर दूध रस्त्याकडेच्या गटारात गेले. डाव्या हाताचे मनगट मोडले. रोज त्याच सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसून त्यांचा सात वर्षांचा नातू शाळेला जातो. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

सायकल दुकानात नेली तेव्हा एकाने सांगितले, "एवढ्या जुन्याला काय करायचं? चाकच नवीन घाला." दुसऱ्याने सांगितले, "एक्सल तुटलाय. वेल्डिंग मारून देतो, संध्याकाळी घेऊन जावा." पहिला सल्ला खर्चाचा होता आणि दुसरा धोक्याचा. खरे काम दोन्हींच्या मधले होते. एक्सल, दोन कोन आणि छर्रे मिळून जो खर्च आला, तो काकांच्या एका दिवसाच्या दुधाच्या पैशांहून कमी होता.

एक्सल मोडतो का?

काकांचा एक्सल हब खोलल्यावर दोन तुकड्यांत हाती आला. मोडलेले तोंड पुसून पाहिले. अर्ध्याहून जास्त भाग काळपट आणि गुळगुळीत होता. उरलेला भाग चकचकीत, खडबडीत, फोडलेल्या गुळासारखा दाणेदार. ह्याचा अर्थ असा की एक्सल त्या सकाळी मोडला नव्हता. चीर आट्याच्या खोबणीत फार आधी पडली होती. चाकाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती केसाकेसाने वाढत गेली. काळा भाग ती जुनी चीर, आणि चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला.

तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे आपण जाणतोच. एक्सलचेही तसेच होते. तो बहुधा उजव्या बाजूला, म्हणजे फ्रीव्हीलकडे, कोनाच्या जवळ मोडतो. त्या बाजूला फ्रीव्हीलला जागा द्यावी लागते. त्यामुळे छर्रे आतल्या अंगाला राहतात आणि एक्सलचा बराच भाग आधारावाचून बाहेर येतो. भार पडला की तेथेच बाक येतो.

ह्याला चार गोष्टी हातभार लावतात. पहिली गोष्ट भार. एक लिटर दूध एक किलोहून किंचित जास्त भरते. म्हणजे चाळीस लिटरचे एक्केचाळीस किलो, वर कॅनचे वजन, वर माणूस. कॅरिअरवरचा भार जवळजवळ सगळा मागच्या चाकावर येतो. दुसरी गोष्ट ढिले कोन. चाक हलत असताना खड्ड्यात गेले की दर वेळी हातोडा मारल्यासारखा दणका बसतो. तिसरी गोष्ट वाकडी फ्रेम. फ्रेमच्या मागच्या दोन टोकांतील खाचा समोरासमोर नसतील, तर नट आवळतानाच एक्सल वाकतो. चौथी गोष्ट पाणी. पावसाचे पाणी आणि चिखल आत गेला की ग्रीस धुऊन जाते आणि आट्यांत गंज धरतो.

सांगावयाचे तात्पर्य एवढेच, की एक्सल बदलला पण कारण तसेच ठेवले, तर नवा एक्सलही त्याच वाटेने जाईल. नट आवळून चाकाचे हलणे थांबत नसेल, तर पाना ठेवून द्यावा आणि हब खोलावा. काकांनी आवळला तो नट एक्सलला फ्रेममध्ये धरतो. हलत होते ते आत.

वेल्डिंगविषयी दोन शब्द. एक्सलचे पोलाद कारखान्यात तापवून आणि थंड करून ठरावीक कणखरपणाला आणलेले असते. वेल्डिंगच्या आचेने तो कणखरपणा बिघडतो. जोडाशेजारचा भाग कुठे ठिसूळ होतो, कुठे मऊ पडतो. शिवाय सळई पुन्हा बिनचूक सरळ जुळत नाही. असा एक्सल पुन्हा मोडायचाच. कधी, एवढाच प्रश्न.

खोलण्यापूर्वी

सायकल गोणपाटावर उलटी ठेवावी. बरोबर दोन साधे पाने, कोनाला लागणारा एक पातळ पाना, रॉकेल किंवा डिझेल, ग्रीस, एक जुनी थाळी, फडकी, पट्टी आणि कागद-पेन्सिल घ्यावी. कागद-पेन्सिलीला हसू नका. एक्सलवर काय कोणत्या क्रमाने होते, हे खोलल्यावर आठवत नाही. नट, वॉशर, कॅरिअरची पट्टी, मडगार्डची तार, स्टँड, मग फ्रेम : असा जो क्रम दिसेल तो दोन्ही बाजूंचा काढून ठेवावा. काढलेली प्रत्येक वस्तू त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवली म्हणजे आणखी चांगले.

सळीच्या ब्रेकची रबरे रिमच्या आतल्या अंगाला असतात, त्यामुळे चाक सरळ बाहेर निघत नाही. ती ढिली करून बाजूला घ्यावीत. चेनचे कव्हर असेल तर त्याचा मागचा भाग काढावा. चेन ताणणारे बोल्ट मोकळे करावेत, दोन्ही नट काढावेत आणि चाक मागे ओढून चेन उतरवावी. नट गंजून बसला असेल तर जोर करू नये. तेल सोडून रात्रभर ठेवावा.

हब उघडणे

चाक बाहेर आले म्हणजे आधी मापे घ्यावीत. एक्सलची एकूण लांबी, दोन्ही बाजूंच्या चेकनटांच्या बाहेरच्या तोंडांमधील अंतर, आणि प्रत्येक बाजूला एक्सल किती बाहेर आला आहे ते. एक्सल तुटला असेल तर तुकडे जोडून धरून मापावे.

आता चाक थाळीवर धरून डावीकडचा चेकनट सोडवावा. चेकनट फिरवताना आतला कोन पातळ पान्याने धरून ठेवावा. मग कोन काढावा आणि एक्सल उजव्या बाजूने सावकाश ओढावा. तुटका असेल तर दोन्ही बाजूंनी निघेल. उजव्या तुकड्यावरील कोन लगेच काढू नये, त्याची जागा मापायची आहे. छर्रे थाळीत पडतील ते मोजावेत. साध्या काळ्या सायकलीच्या मागच्या हबात बहुधा पाव इंचाचे छर्रे असतात, एका बाजूला नऊ. कमी निघाले तर मागच्या खेपेला कोणी तरी एखादा हरवला होता असे समजावे.

सर्व भाग रॉकेलने धुवावेत. धुताना चूल, विडी, निरांजन जवळ नको. जेवणाचे भांडे ह्या कामाला घेऊ नये. उरलेले घाण तेल विहिरीजवळ किंवा वाफ्यात ओतू नये. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासवते.

मग उजेडात पाहावे. कोनावर छर्रे फिरतात तेथे एक चकचकीत पट्टा दिसतो. तो गुळगुळीत असेल तर कोन चांगला. त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर कोन बदलावा. हबाच्या वाटीतही तसेच पाहावे, आणि नख फिरवावे. डोळ्याला दिसत नाही ते नखाला लागते. वाटी खराब असेल तर मात्र हब बदलण्याची वेळ आली. पण तसे क्वचित होते, कोन आधी झिजतात. छर्रे स्वस्त असतात, ते नेहमी सगळेच नवे घालावेत. नवे-जुने मिसळले तर आकारात सूक्ष्म फरक राहतो आणि सारा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो.

नवा एक्सल कसा निवडावा

येथे पुष्कळजण फसतात. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या मागच्या एक्सलची जाडी ३/८ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर असते. त्यावर एका इंचात २६ आटे असतात. आज बाजारात १० मिलिमीटर जाडीचे एक्सलही मिळतात. त्यांवर मिलिमीटरला एक आटा असतो, म्हणजे इंचाला पंचवीसच्या थोडे वर. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला सारखेच दिसतात. पण एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही. एक तर आरंभालाच अडतो, नाही तर दोन-तीन फेरे जाऊन गच्च होतो. पान्याने रेटला की दोघांचे आटे कापले जातात, आणि मग तो नट वाटेत केव्हाही सुटतो.

म्हणून जुना एक्सल, त्याचे नट आणि कोन सगळे दुकानात घेऊन जावे आणि तीन परीक्षा कराव्यात.

पहिली : जुना नट नव्या एक्सलवर नुसत्या बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला पाहिजे.

दुसरी : जुना आणि नवा एक्सल एकमेकांना चिकटवून, आट्यांत आटे बसवून उजेडासमोर धरावेत. आटे सारखे असतील तर फणीत फणी बसावी तसे बसतील आणि मधून उजेड दिसणार नाही. नसतील तर थोड्याच अंतरावर फट दिसू लागेल.

तिसरी : नवा एक्सल काचेवर किंवा सपाट फरशीवर लोटावा. सरळ असेल तर शांतपणे गडगडत जाईल. वाकडा असेल तर उड्या मारील. नवा कोरा एक्सलही वाकडा निघू शकतो.

लांबी जुन्याएवढीच असावी. कॅरिअर आणि स्टँडच्या पट्ट्या चढवल्यावर नट पूर्ण बसून एक्सलचे टोक नटाबाहेर दिसले पाहिजे. नट अर्धाच बसत असेल तर तो एक्सल घेऊ नये. काही जुन्या एक्सलवर आटे मधेच संपतात आणि उजवा कोन तेथे अडून घट्ट बसतो. तुमचा तसा असेल तर तसाच मागावा.

बसवणे

उजवा कोन आणि त्याचा चेकनट नव्या एक्सलवर जुन्याच्याच मापाने बसवून एकमेकांवर घट्ट आवळावेत. ह्यात चूक झाली तर चाक फ्रेमच्या मध्यात येणार नाही.

दोन्ही वाट्यांत ग्रीस भरावे. हात आखडता घेऊ नये. त्यात छर्रे एकेक करून बसवावेत, ग्रीस त्यांना धरून ठेवते. फ्रीव्हील काढलेले नसेल तर उजवी वाटी खोल असते. तेथे काडीच्या टोकाला ग्रीस लावून छर्रा उचलावा आणि जागेवर ठेवावा. फ्रीव्हील काढायचेच असेल तर त्याचा खास खोलणारा पाना लागतो. छिन्नी आणि हातोड्याने प्रयत्न करू नये, ते काम दुकानात करून घ्यावे.

आता एक्सल उजवीकडून हळू आत घालावा, डावा कोन बोटांनी चढवावा, मग वॉशर आणि चेकनट. कोन बोटाने घट्ट होईपर्यंत फिरवून पाव फेरा मागे घ्यावा, तो पान्याने धरून ठेवावा आणि चेकनट आवळावा. एक्सल दोन बोटांनी फिरवून पाहावा. कचकच लागली तर कोन फार घट्ट आहे. एक्सल वरखाली खटखट हलला तर फार ढिला आहे. पहिल्या खेपेला बरोबर बसला तर ते नशीब समजावे. तीन-चार वेळा करावे लागते, आणि त्यात कमीपणा नाही. चाक फ्रेममध्ये बसवल्यावर रिमपाशी जेमतेम जाणवेल न जाणवेल एवढीच हालचाल असावी. अगदी घट्ट केलेला कोन चार महिन्यांत वाटी खाऊन टाकतो.

फ्रेम पाहिल्यावाचून चाक चढवू नका

नवा एक्सल मोडू नये म्हणून हे काम महत्त्वाचे. जुना एक्सल सरळ असेल तर तो, नाही तर नवा एक्सल हबात घालण्यापूर्वीच घ्यावा. फ्रेमच्या एका खाचेत तो दोन नटांमध्ये आवळून बसवावा. त्याचे मोकळे टोक समोरच्या खाचेकडे नीट रोखलेले दिसले पाहिजे. मग दुसऱ्या बाजूने तसेच करावे. टोक वर, खाली किंवा बाजूला जात असेल तर फ्रेमचे टोक वाकलेले आहे. मोठ्या पान्याने ते थोडे थोडे सरळ करता येते. जुन्या फ्रेमचे पोलाद ते सोसते.

दुसरी परीक्षा सुतळीची. एका खाचेला सुतळी बांधून ती हँडलखालच्या नळीला पुढून वेढा घालून दुसऱ्या खाचेला आणावी आणि ताणून बांधावी. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचे अंतर मोजावे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल. बोटभर फरक असेल तर फ्रेम एका अंगाला गेली आहे. ती जाणत्या मेस्त्रींकडून सरळ करून घ्यावी. काकांच्या सायकलमध्ये उजवी खाच आत वळलेली निघाली. म्हणजे इतकी वर्षे प्रत्येक वेळी नट आवळताना एक्सल वाकत होता.

मग चाक चढवावे, चेन लावावी. कागदावरच्या क्रमाने पट्ट्या घालाव्यात. चेन मधोमध धरून वरखाली केली तर अर्धा-पाऊण इंच हलावी. टायर दोन्ही नळ्यांच्या मध्ये आला की दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. ब्रेकची रबरे परत जागेवर आणून तपासावीत. आधी भार न घालता थोडे अंतर फिरावे. दुसऱ्या दिवशी नट पुन्हा एकदा पाहावेत.

पडल्यावर काय करावे

कितीही काळजी घेतली तरी पडणे होते. खरचटलेले साबण आणि स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. हळद, शेण, माती लावू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे. हात टेकून पडल्यावर मनगट सुजले, तर "मुरगळले असेल" म्हणून चोळून घेऊ नये. एक्स-रे काढावा. मोडलेले हाड चोळल्याने आणखी सरकते.

आणि मागे बसलेल्या मुलांविषयी. त्यांची टाच चाकाच्या तारांत अडकून चिरडते. अशी जखम पहिल्या दिवशी लहान दिसते, पण चिरडलेली कातडी काही दिवसांनी काळी पडून मरते. म्हणून ती लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी. मूल मागे बसवायचे असेल तर पाय ठेवायला जागा आणि तारांवर जाळी असावी.

महिन्यातून दोन मिनिटे

दर महिन्याला सायकल स्टँडवर लावून मागचा टायर वरून धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खटखट वाटली तर त्याच आठवड्यात हब खोला. चाक फिरवून कान द्या. टायर एका अंगाला घासतो का, चेन एकदा ताठ आणि एकदा सैल होते का, ते पाहा. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, हब धुऊन नवे ग्रीस भरा. जुन्या हबाच्या पोटावर तेल घालायचे बारीक भोक असते. ते उघडे राहू देऊ नका आणि त्यातून सढळ हाताने पातळ तेल ओतू नका, त्याने आतले ग्रीस वाहून जाते.

काकांचे प्लास्टर दीड महिन्याने निघाले. तोवर सायकलचे काम त्यांच्या मुलाने केले, आणि काका एका हाताने छर्रे मोजून देत शेजारी बसले. आता सायकल पुन्हा रस्त्यावर आहे. कॅन दोनच, पण दहा-दहा लिटरचे, आणि दोन फेऱ्या. नातू पुढच्या दांड्यावर बसतो. परवा भेटले तेव्हा मी चाकाचे विचारले. काकांनी उत्तर दिले नाही. सायकल स्टँडवर लावली, मागचा टायर धरून हलवून दाखवला आणि निघाले.